अन्ननलिकेचा दाह आणि बायोप्सीचे निदान

छातीत जळजळ, घास अडकणे, गिळताना कळ येणे ही सारी लक्षणे गोव्यात काय, कोकणात काय, ‘पित्त झाले’ या दोन शब्दांत गुंडाळली जातात. वास्तविक अन्ननलिकादाह हा एकच आजार नव्हे. जठरातील आम्ल वर चढणे, अ‍ॅलर्जी, बुरशी, विषाणू, घशाखाली अडकलेली गोळी अशी त्याची कारणे परस्परांहून अगदी भिन्न आहेत. अ‍ॅलर्जीशी निगडित दाहावर गिळावयाचे स्टेरॉइड देतात. तेच स्टेरॉइड बुरशीचा दाह वाढवू शकते. म्हणून उपचारापूर्वी कारण ठरणे आवश्यक असते आणि तेथे ऊतींची तपासणी, म्हणजेच बायोप्सी, उपयोगी पडते.

तुकडा कोठून घेतला, यावर निम्मे निदान अवलंबून असते. नागीण गटातील हर्पिस विषाणू अस्तराच्या पेशींत वाढतो, त्यामुळे तो व्रणाच्या कडेला सापडतो. सायटोमेगॅलो विषाणू रक्तवाहिन्यांच्या व आधार-ऊतींच्या पेशींत दडतो. त्यासाठी व्रणाच्या तळातील तुकडा लागतो. केवळ कडेचा तुकडा पाठविल्यास दुसरा विषाणू निसटतो. कॅन्डिडा बुरशीचे तंतू पांढऱ्या थरात असतात व पीएएस रंजनाने ते ठळक दिसतात.

इओसिनोफिलिक अन्ननलिकादाह सर्वांत फसवा. दुर्बिणीतून अस्तर निरोगी भासू शकते आणि पेशी ठिकठिकाणी विखुरलेल्या असतात. म्हणून वरच्या व खालच्या भागांतून मिळून किमान 6 तुकडे घ्यावेत, असा संकेत आहे. सूक्ष्मदर्शकाच्या एका उच्च क्षमतेच्या क्षेत्रात 15 किंवा अधिक इओसिनोफिल पेशी आढळल्या, तर हे निदान लक्षणांच्या संदर्भात विचारात घेतले जाते. आम्लदाहातही या पेशी येतात, बहुधा कमी संख्येने. तेथे अस्तराचा तळथर जाड होतो आणि त्यात शिरणारे अंकुर लांबतात. मात्र जठरालगतच्या दोन-तीन सेंटिमीटर भागात असे सौम्य बदल निरोगी माणसातही दिसतात. आम्लविरोधी गोळ्या आधीच सुरू असतील तर इओसिनोफिल ओसरलेले असू शकतात.

यासाठीच तुकड्यासोबत जाणाऱ्या अर्जावर वय, लक्षणे, चालू औषधे आणि दुर्बिणीतून काय दिसले हे लिहिणे अगत्याचे आहे. पावसाळ्यात लेप्टोच्या प्रतिबंधासाठी घेतली जाणारी डॉक्सिसायक्लिन घोटभर पाण्याबरोबर घेऊन लगेच आडवे झाल्यास अन्ननलिकेत व्रण होऊ शकतो. हा तपशील कळला नाही, तर विकृतिशास्त्रज्ञाला केवळ एक व्रण दिसतो. भारतात क्षयरोगाचाही विचार ठेवावा लागतो. अन्ननलिकेत तो विरळा असला तरी.

गोव्याच्या सीमेलगत, जोयडा तालुक्यातील दिग्गीसारख्या जंगलातील गावाहून कारवार, हुबळी किंवा बांबोळीला तपासणीसाठी जाणे म्हणजे दिवस मोडणे. अशा रुग्णाला तुकडे अपुरे पडले म्हणून पुन्हा बोलावणे सोपे नसते. एकाच भेटीत पुरेसे तुकडे घेणे, ते काढताक्षणी भरपूर फॉर्मेलिनमध्ये टाकणे आणि वरच्या व खालच्या भागाच्या बाटल्या वेगळ्या ठेवणे, एवढ्याने बरेच काही वाचते. क्षयरोगाच्या जंतूंची पैदास करून पाहायची असेल तर मात्र वेगळा तुकडा फॉर्मेलिनशिवाय पाठवावा लागतो.

‘अविशिष्ट दीर्घकालीन दाह’ असा अहवाल हाती आला तर तो निदानाचा शेवट समजू नये. तुकडे मेणाच्या ठोकळ्यांत जतन केलेले असतात. त्याच ठोकळ्यांतून नवे काप काढून वेगळे रंजन करता येते, किंवा काचपट्ट्या दुसऱ्या विकृतिशास्त्रज्ञाला दाखविता येतात. त्यासाठी रुग्णाला पुन्हा दुर्बीण गिळावी लागत नाही. अहवालावरील नोंदणी क्रमांक जपून ठेवावा लागतो.