एआयने बनवलेली गाणी स्पॉटिफायवरून का हटवली जातात?
एप्रिल २०२३ मध्ये ‘हार्ट ऑन माय स्लीव्ह’ हे गाणं व्हायरल झालं. आवाज ड्रेक आणि द वीकेंड यांचे वाटत होते, पण दोघांनी ते गायलंच नव्हतं. ‘घोस्टरायटर’ नावाच्या निर्मात्याने ते आवाज एआयने तयार केले होते. युनिव्हर्सल म्युझिकने आक्षेप घेतला आणि गाणं स्पॉटिफाय, ॲपल म्युझिकवरून गायब झालं.

पुढच्याच महिन्यात ‘बूमी’ या एआय ॲपवर बनलेली हजारो गाणी स्पॉटिफायने हटवल्याचं समोर आलं. इथे कारण वेगळं होतं: बॉट्स लावून ऐकणाऱ्यांचा आकडा फुगवल्याचा संशय.

थोडक्यात, स्पॉटिफायवर एआय वापरायला बंदी नाही. परवानगीशिवाय दुसऱ्याचा आवाज वापरणं आणि खोटे स्ट्रीम्स मिळवणं चालत नाही. रॉयल्टी एकाच रकमेतून वाटली जाते. त्यामुळे बॉट्सनी कमावलेला पैसा खऱ्या कलाकारांच्या वाट्यातूनच जातो.