रोगास जात असते काय ?

आजच्या भाषणाचा विषय असा आहे कीं, दिवाणखान्यांत चारचौघांसमोर त्याचें नांवही सहसा कोणी काढीत नाहीं. उपदंश, बोलभाषेंत ज्यास गरमी म्हणतात, तो हा रोग. त्याची चिकित्सा सांगणें हें वैद्य-डॉक्टरांचें काम. माझें काम इतिहासाचें आहे. इंग्लंड-अमेरिकेंतील शहरांत गुप्तरोगांचे जे सार्वजनिक दवाखाने आहेत, तेथें येणाऱ्या रोग्यांची नोंद वंशवार ठेवितात, आणि त्या कोष्टकांत कृष्णवर्णीयांचें प्रमाण गोऱ्यांहून अधिक दिसत आलें आहे. प्रश्न आहे तो या आंकड्यांच्या अर्थाचा. तो अर्थ एकदां भलताच लावला गेला, आणि त्याचे भोग आलाबामा या अमेरिकन संस्थानांतील गरीब कुळांना ४० वर्षें भोगावे लागले.

हा रोग दुसऱ्याच्या माथीं मारण्याची संवय मात्र फार जुनी. १४९५ सालीं फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स नेपल्स शहरांत शिरला, आणि त्याच्या फौजेंत ही सांथ उसळली. इटालियन लोकांनीं तिला फ्रेंच रोग म्हटलें, फ्रेंचांनीं नेपल्सचा रोग म्हटलें, आणि रशियन लोकांनीं तीच व्याधि पोलिश लोकांच्या नांवावर टाकिली. आपल्याकडेही निराळें घडलें नाहीं. पोर्तुगीजांनीं गोवा घेतला तो १५१० सालीं. त्याच शतकांत भावमिश्रानें आपल्या 'भावप्रकाश' ग्रंथांत या नव्या व्याधीस 'फिरंगरोग' असें नांव दिलें. एका दृष्टीनें हे सारे खरेंच बोलत होते. रोग आला तो परक्याच्या सहवासानें. परंतु सहवास ही एक गोष्ट आणि रक्त ही दुसरी.

१९०५ सालीं बर्लिन येथें शौडिन व हॉफमन यांनीं या रोगाचा जंतु दाखविला, आणि पुढच्याच वर्षीं वासरमन यानें रक्ताची परीक्षा शोधून काढिली. आतां रक्तच साक्ष देईल असें लोकांस वाटलें. पण ही साक्षही कधीं कधीं फसवी निघते. १९४८ नंतर वेस्ट इंडीज बेटांतून पुष्कळ लोक लंडनमध्यें येऊन राहिले. त्यांच्यांतील कित्येकांच्या रक्तांत उपदंशाची खूण सांपडे. वास्तविक त्यांना लहानपणीं यॉज नांवाचा त्वचारोग होऊन गेलेला असे. हा रोग मुलांना खेळतां-बागडतां एकमेकांच्या अंगस्पर्शानें होतो, त्याचा कामव्यवहाराशीं कांहींएक संबंध नाहीं. पण दोन्ही जंतु इतके जवळचे कीं रक्तपरीक्षेला त्यांतला भेद कळत नाहीं. आपल्या बस्तरच्या जंगलांतही हा रोग होता. २०१६ सालीं भारत त्यांतून मुक्त झाल्याचें जागतिक आरोग्य संघटनेनें जाहीर केलें. लंडनच्या दवाखान्यांत मात्र एखाद्या सालस गृहिणीस बाळपणींच्या त्या फोडांपायीं काय काय प्रश्न ऐकावे लागले असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

याचा अर्थ सारा फरक खोटा असा नव्हे. जेथें उपचार वेळेवर मिळत नाहीं, तेथें रोग त्याच वस्तींत, त्याच ओळखीपाळखीच्या वर्तुळांत फिरत राहतो. अमेरिकेच्या सरकारी आंकड्यांप्रमाणें १९९९ सालीं कृष्णवर्णीयांतील प्रमाण गोऱ्यांच्या सुमारें २९ पट होतें, तें २००३ सालीं सुमारें ५ पटींवर आलें. कृष्णवर्णीयांत रोग ओसरला आणि मधल्या काळांत गोऱ्या पुरुषांत तो वाढला. चार वर्षांत कोणाच्या वंशाचें रक्त बदलत नाहीं.

ही गोष्ट आलाबामांतही वेळीच दिसून आली होती. १९२९ च्या सुमारास रोझेनवाल्ड निधीच्या पैशानें दक्षिणेंतील सहा तालुक्यांत कृष्णवर्णीय खेडुतांचें रक्त तपासून त्यांस औषध देण्याचा उपक्रम झाला. आलाबामांतील मेकन तालुक्यांत शेंकडा ३५ हून अधिक लोकांच्या रक्तांत रोगाची खूण आढळली, तर व्हर्जिनियांतील आल्बमार्ल तालुक्यांत शेंकडा १० हूनही कमी. वंश तोच; परंतु मेकनमध्यें कर्जांत बुडालेलीं कापसाच्या मळ्यांवरचीं कुळें, आणि डॉक्टर दुर्मिळ. इतकें उघड उत्तर हातीं आलें असतां पुढें मंदीची लाट आली, निधीचा पैसा आटला, आणि औषधोपचाराचा बेत सोडून देण्यांत आला.

त्याच्या जागीं जें आलें तें १९३२ सालीं. सरकारी आरोग्यखात्यानें मेकनमधील सुमारें ६०० कृष्णवर्णीय पुरुष निवडिले. त्यांतील ३९९ रोगी व २०१ निरोगी होते. नॉर्वेंत ऑस्लो येथें गोऱ्या रोग्यांचें औषधावांचून काय होतें तें पाहिलें गेलें होतें, आणि डॉक्टरांचा समज असा कीं, हा रोग गोऱ्यांच्या मज्जातंतूंस तर काळ्यांच्या हृदयास धरतो. तेव्हां काळ्या देहांत तो कसा वाढतो तें आतां पाहावयाचें होतें. त्या लोकांस रोगाचें नांव सांगितलें नाहीं. तुमचें 'रक्त बिघडलें आहे' एवढेंच सांगितलें. पाठीच्या कण्यांत सुई घालून द्रव काढिला, तो उपचार म्हणून. मरणोत्तर शवच्छेदास संमति दिल्यास दफनाचा खर्च मिळे, आणि गरिबास तोही मोठा आधार वाटे.

१९४३ सालीं पेनिसिलिन या रोगावर गुणकारी ठरलें. पुढें कांहीं वर्षांत तें सर्वत्र मिळूं लागलें. महायुद्धांत लष्करभरतीच्या वेळीं यांपैकीं कित्येकांवर सक्तीनें उपचार व्हावयाचे होते. तेव्हां खात्यानें त्यांचीं नांवें कळवून त्यांस वगळून घेतलें. ही गोष्ट १९७२ सालीं वर्तमानपत्रांत आली, तेव्हां कोठें तो प्रयोग थांबला.

१६ मे १९९७ रोजीं राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनीं व्हाइट हाउसमध्यें राष्ट्राच्या वतीनें क्षमा मागितली. त्या वेळीं मूळच्या सुमारें ६०० पैकीं ८ जण हयात होते. पांच वृद्ध तेथें प्रत्यक्ष हजर राहूं शकले.