ज्ञानकोशाची कचेरी

तालुक्याच्या वाचनालयात ग्रंथपालकी करण्यात माझं आयुष्य गेलं. संदर्भाच्या कपाटात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड होते. म्हणजे दाखलनोंदवहीत २३, कपाटात त्याहून कमी. वाचनालय चालवणाऱ्याला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. भर दुपारी वाचक नसले की मी त्यातला एखादा खंड काढून बसे. पुढे पुढे नोंदींपेक्षा हे एवढं काम कोणी, कसं निभावलं याचंच कुतूहल वाढलं.

श्रीधर व्यंकटेश केतकरांचा जन्म १८८४ सालचा, रायपूरचा. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट गाठीला होती. अशा माणसानं प्रोफेसरकी धरून सुखानं राहायचं! त्यांनी १९१६च्या सुमारास नागपुरात ज्ञानकोशाचा घाट घातला, तोही लिमिटेड कंपनी काढून. भाग खपवायचे, वर्गणीदार मिळवायचे आणि त्या पैशावर कोश लिहून घ्यायचा. त्यासाठी डॉक्टरसाहेब गावोगाव हिंडले. वकील, मास्तर, कारकून यांच्यापुढे अजून न लिहिलेलं पुस्तक विकायला उभं राहणं, ही गोष्ट मला कोशातल्या कुठल्याही नोंदीइतकीच मोलाची वाटते. पुस्तक हाती येण्याआधीच वाचक त्यात भागीदार झाला होता.

कचेरी पुढे पुण्याला आली. १९२० ते १९२७ या काळात सगळे खंड बाहेर पडले. पैकी पहिले पाच नुसत्या प्रस्तावनेचे: 'हिंदुस्थान आणि जग', 'वेदविद्या', 'बुद्धपूर्व जग', 'बुद्धोत्तर जग' आणि 'विज्ञानेतिहास'. अकारविल्हे नोंदी त्यानंतर. ब्रिटानिकासारखे नमुने डोळ्यांसमोर असताना सरळ भाषांतर करून मोकळं होता आलं असतं. पण मराठी माणसानं जगाकडे आपल्या जागेवरून पाहावं, हा केतकरांचा हट्ट. त्यांची काही मतं आज वाचवत नाहीत, विशेषतः जातींविषयीची. हट्ट मात्र रास्त होता.

एकट्याच्या हातून हे होणारं नव्हतं. कोणी इंग्रजी ग्रंथ उपसायचे, कोणी संस्कृत, आणि ज्या विषयावर मराठीत कधी लिहिलंच गेलं नव्हतं तिथे शब्दही घडवायचे. कोश कसा करतात हे शिकवणारी शाळा महाराष्ट्रात नव्हती. मंडळी एकमेकांकडून शिकत, चुकत, दुरुस्त करत गेली. केतकरांची पत्नी शीलवतीबाई मूळच्या जर्मन-ज्यू, एडिथ कोन. विंटरनिट्झच्या भारतीय वाङ्मयाच्या जर्मन इतिहासाचं इंग्रजी भाषांतर त्यांनी केलं. आमच्याकडे मात्र त्यांची ओळख 'केतकरांची विलायती बायको' एवढ्यावरच भागवतात.

मोल्सवर्थच्या १८३१च्या मराठी-इंग्रजी कोशासाठीही शास्त्रीमंडळींनी घाम गाळलाच होता, पण लोकांच्या तोंडी राहिलं नाव साहेबाचं. ज्ञानकोशाचंही थोडं तसंच. केतकर 'ज्ञानकोशकार' झाले, बाकीचे कचेरीत राहिले. स्वतः केतकरांनी 'माझे बारा वर्षांचे काम' या पुस्तकात ज्ञानकोश मंडळाचा इतिहास लिहून ठेवला आहे. मराठीत कोशाच्या पडद्यामागचं इतकं कोणी सांगितलेलं नाही.

त्या कचेरीत तयार झालेल्यांपैकी यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी पुढे हीच विद्या मराठी शब्दांच्या कामी लावली. १९३२पासून 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे खंड निघू लागले. लोकांच्या बोलीतले, धंद्यांतले, जुन्या बखरींतले शब्द त्यांनी एका जागी आणले. तिकडे केतकरांनी गुजराती ज्ञानकोशही हाती घेतला होता. तो तडीस गेला नाही. १९३१ साली हैदराबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं, पण मानानं घर चालत नाही. १९३७ साली पुण्यात, ओढग्रस्तीतच ते गेले. शब्दकोशाचा सातवा खंड त्यानंतर वर्षभरानं निघाला.