हरवलेला सीलबंद नमुना

फौजेत ‘रीइश्यू’ या शब्दाला काडीची प्रतिष्ठा नाही. कुणीतरी जमा केलेलं कांबळं धुऊन, रफू करून क्वार्टरमास्टर पुढच्या जवानाच्या हातावर ठेवतो, ते रीइश्यू. इलेक्ट्रिक गिटारवाल्यांच्या दुनियेत मात्र हाच शब्द ऐकला की लोक कान टवकारतात. तिथे रीइश्यू म्हणजे पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या एखाद्या गिटारीची, माप न् माप जुळवून, त्याच कंपनीने नव्याने केलेली प्रत. अशा गिटारी जमवणं आणि आपल्या हाताला रुचतील तशा त्या घडवून घेणं, या नादात मी बरीच वर्षं आहे. सध्या मुक्काम शिलाँगला. लू माजाव नावाचा गायक १९७२ पासून दर २४ मेला जिथे बॉब डिलनचा वाढदिवस साजरा करतो, त्या गावात गिटारीवर लिहायचं नाही तर कुठे?

इथे लढाया आणि रेजिमेंटांचा इतिहास वाचायला येणारे आमचे ज्येष्ठ विचारतील, हे काय नवीन? सर, हाही एका संस्थेचाच इतिहास आहे. आपली स्वतःची ड्रिल विसरलेल्या संस्थेचा.

आधी एक ओळखीची गोष्ट. इंग्रजांच्या काळापासून फौजेत ‘सील्ड पॅटर्न’ची पद्धत आहे. बूट असो, बेल्ट असो की बंदुकीचा सुटा भाग, मंजूर झालेला एक नमुना मोहोर लावून ठेवायचा. पुढे कुठल्याही कारखान्यात माल बनला तरी तो त्या नमुन्याशी ताडून बघायचा. माणसं बदलतात, कंत्राटदार बदलतात, नमुना हलत नाही. आता ज्यांनी असा नमुना कधी ठेवलाच नाही त्यांची गोष्ट ऐका.

लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. लहानपणी एक डोळा गेलेला, तिथे काचेचा डोळा. गिटार वाजवता येत नव्हती. पण दुकानात दुरुस्तीला येणारे अँप्लिफायर आणि गिटारी बघून बघून काय मोडतं, कुठे मोडतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. १९५० साली त्याने भरीव लाकडाची जी गिटार बाजारात आणली, ती पुढच्या वर्षी ‘टेलीकास्टर’ झाली. आधीचं नाव होतं ‘ब्रॉडकास्टर’, पण ग्रेच कंपनीच्या ड्रमचं नाव तसंच होतं, म्हणून ते सोडावं लागलं. त्या काळी गिटारीची मान धडाला सरसाने चिकटवत. लिओने ती चार स्क्रूंनी बसवली. मान झिजली? चार स्क्रू काढा, दुसरी लावा. रायफल खोलून-जोडून ज्याची हयात गेली आहे त्याला या विचाराची किंमत वेगळी सांगायला नको. हे वाद्य फील्ड रिपेअर डोळ्यांसमोर ठेवूनच जन्माला आलं होतं. १९५४ मध्ये त्याच कारखान्यातून स्ट्रॅटोकास्टर आली.

जानेवारी १९६५ मध्ये लिओने कंपनी सीबीएस या बलाढ्य प्रसारण कंपनीला विकली, १ कोटी ३० लाख डॉलरला. पुढे जे झालं ते एका रात्रीत झालं नाही. आधी स्ट्रॅटोकास्टरचं डोकं मोठं झालं. मग पातळ नायट्रोसेल्युलोज लॅकर जाऊन जाड पॉलिएस्टरचा थर आला. १९७१ मध्ये तिच्या मानेच्या चार स्क्रूंचे तीन झाले. प्रत्येक बदलामागे कुणाचं तरी कारण होतंच. खर्च वाचतो, वेळ वाचतो, काम सोपं होतं. एकेकटा बदल बघितला तर कुणी हरकत घेणार नाही असा. पण दहा-पंधरा वर्षांत जी गिटार उरली, ती जुन्या वादकांना जड, ढोबळ आणि परकी वाटू लागली.

इथे एक पथ्य पाळायला हवं. ‘जुनं ते सोनं’ म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण १९६९ साली वुडस्टॉकला जिमी हेंड्रिक्सने जी पांढरी स्ट्रॅटोकास्टर वाजवली, ती १९६८ ची होती, म्हणजे ऐन सीबीएसच्या राजवटीतली, मोठ्या डोक्याची. हा हेंड्रिक्स एकेकाळी अमेरिकेच्या १०१ एअरबोर्न डिव्हिजनमध्ये पॅराट्रूपर होता, हे आपल्या पॅरावाल्यांसाठी. तेव्हा सगळा दोष हत्याराचा नसतो आणि सगळं श्रेयही नसतं.

तरी वादकांनी आपला कौल दिला होता. नव्या गिटारी सोडून लोक सेकंडहँड दुकानांकडे वळले. १९७० मध्ये एरिक क्लॅप्टनने नॅशव्हिलमधल्या एका दुकानातून पन्नासच्या दशकातल्या काही स्ट्रॅटोकास्टर उचलल्या. काही मित्रांना वाटल्या आणि उरलेल्या तिघींचे उत्तम भाग जोडून एक काळी गिटार बनवली. तीच ‘ब्लॅकी’. २००४ मध्ये लिलावात तिला ९,५९,५०० डॉलर आले. गंमत अशी की जुन्या गिटारींच्या इतिहासातली ही एवढी गाजलेली गिटार ‘मूळ रूपात’ नव्हतीच. चार स्क्रूंच्या मेहेरबानीने जुळवलेली होती. सुट्या भागांचा खेळ करणाऱ्या आम्हा हौशी मंडळींची ती कुलदेवताच म्हणायची.

मूळ घराण्याने ड्रिल सोडली, तेव्हा ती शेजाऱ्यांनी उचलली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस टोकाई, ग्रेको अशा जपानी नावांच्या गिटारी बाजारात आल्या. त्या १९७८ च्या फेंडरची नव्हे, पन्नास-साठच्या दशकातल्या फेंडरची नक्कल होत्या, आणि ती नक्कल चोख होती. कंपनीला आपला जुना चेहरा दिसला तो परक्याच्या आरशात.

१९८१ मध्ये सीबीएसने यामाहाच्या अमेरिकी शाखेतून बिल शुल्ट्झ आणि डॅन स्मिथ यांना आणलं. जुन्या धाटणीच्या गिटारी पुन्हा बनवायच्या ठरल्या, तेव्हा पहिला प्रश्न पडला तो मापांचा. शेवटी या मंडळींनी इलिनॉयमधल्या जुन्या गिटारींच्या दुकानात जाऊन आपल्याच कंपनीच्या गिटारी पैसे मोजून विकत घेतल्या, खोलल्या आणि मापं घेतली. बापाचं हस्ताक्षर शेजाऱ्याच्या दप्तरातून शोधून आणावं, तसं. त्यातून १९८२ ची मालिका निघाली : १९५२ ची टेलीकास्टर, १९५७ आणि १९६२ ची स्ट्रॅटोकास्टर, शिवाय जुने बेस. त्याच वर्षी जपानी भागीदारांबरोबर फेंडर जपान उभी राहिली आणि मात्सुमोतोच्या फुजीगेन कारखान्यात अधिकृत प्रती बनू लागल्या. काल जे नक्कल करत होते, त्यांच्याच देशातल्या हातांना आज परवाना मिळाला.

१९८५ मध्ये सीबीएसने कंपनी शुल्ट्झ आणि त्याच्या सहकाऱ्यांना विकली. किंमत १ कोटी २५ लाख डॉलर. वीस वर्षांपूर्वी घेतली त्यापेक्षा ५ लाखांनी कमी, आणि मधल्या महागाईचा हिशेब तर धरलेलाच नाही. सौद्यात फुलर्टनचा कारखाना नव्हता. कोरोना या गावी नवा कारखाना उभा राहीपर्यंत जपानी गिटारींनीच घर चालवलं. मोठ्या कंपनीने स्वस्त करत नेलेली चीज वाचली ती जुन्या नमुन्याकडे परत गेल्यामुळे. रीइश्यूकडे निव्वळ जुन्या आठवणींचा धंदा म्हणून बघणाऱ्यांनी हा हिशेब जरूर मांडून बघावा.

पुढे या प्रकाराला फाटेही फुटले. १९९५ पासून फेंडरने ‘रेलिक’ गिटारी काढल्या. नव्या कोऱ्या गिटारीला कारखान्यातच ओरखडे, उडालेला रंग, गंजलेले स्क्रू. माझं मत विचाराल तर न लढलेल्या लढाईची मेडलं छातीवर लावण्यासारखं आहे हे. पण एक मान्य करतो, अशा गिटारीला पहिला ओरखडा पडेल म्हणून कुणी घाबरत नाही, बिनधास्त वाजवतो.

या कथेत आपल्या मातीचाही एक धागा आहे. १९५८ पासून फेंडरने मानेवर ब्राझीलच्या रोझवूडची पट्टी लावायला सुरुवात केली. त्या झाडाची बेसुमार तोड झाली आणि १९९२ मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंदी आली. त्याची जागा मुख्यतः भारतीय रोझवूडने घेतली. म्हणजे आपला शिसव. ज्याचे पाट, पलंग आणि झोपाळे आपल्या आजोळच्या घरांत होते, तोच. या अर्धवट घडवलेल्या लाकडाच्या निर्यातीचे भारतीय नियम मोडल्याच्या संशयावरून २०११ मध्ये अमेरिकी सरकारी पथकांनी गिब्सनच्या नॅशव्हिल आणि मेम्फिसच्या कारखान्यांवर छापे घातले होते. २०१७ पासून शिसवाच्या सगळ्याच व्यापारावर आंतरराष्ट्रीय नोंदीचं बंधन आलं. २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. १९६२ ची प्रत करणाऱ्याला डिझाइन जुनं मिळतं, जंगल मात्र जुनं मिळत नाही.

आता माझ्या गिटारीविषयी. ती १९५२ च्या टेलीकास्टरची अमेरिकी प्रत, सेकंडहँड घेतलेली. नमुना प्रामाणिक असल्याने त्यातल्या खोडीही प्रामाणिकपणे उतरल्या आहेत. ब्रिजवर पितळेचे तीनच तुकडे, प्रत्येकावर दोन तारा, त्यामुळे सहाही तारा पूर्ण सुरात कधीच येत नाहीत. जुन्या वायरिंगमुळे दोन्ही पिकअप एकत्र वाजत नाहीत. स्विचच्या एका टोकाला तर आवाज कांबळं पांघरून बोलल्यासारखा येतो. मानेतल्या सळीचा पेच धडाच्या बाजूला दडलेला. इथल्या पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, मान वाकते आणि त्या पेचाला हात लावायचा तर आधी चार स्क्रू सैल करावे लागतात.

अस्सल १९५२ च्या गिटारीत यातलं काही बदललं तर तिची किंमत पडते, आणि एक दस्तऐवजही नष्ट होतो. म्हणून त्या बहुतेक तिजोरीत जातात. प्रतीला हात लावता येतो. माझ्या युनिटमधले ईएमईचे एक मिझो हवालदार गावाकडच्या चर्चमधले अँप आणि गिटारी वर्षानुवर्षं दुरुस्त करत आले आहेत. फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. हे दोन्ही अर्थांनी उस्ताद. रविवारी माझ्या क्वार्टरच्या व्हरांड्यात बसून आम्ही पितळेचे तुकडे तिरपे कापलेले बसवले, वायरिंग १९६७ नंतरच्या पद्धतीचं केलं. त्यांनी दिलेला कथलाचा डाग मण्यासारखा चकचकीत. फ्रेट घासताना किती घासायचं ते कसं कळतं, असं विचारलं तर म्हणाले, “सर, ये हाथ को पता चलता है.”

इथेच मी सावध झालो. फुलर्टनलाही हे हातांनाच माहीत होतं. हात गेले, तेव्हा ज्ञान गेलं. उस्ताद येत्या वर्षात पेन्शनला जातायत. म्हणून आता रविवारी एक तरुण क्राफ्ट्समनही येऊन बसतो, स्वखुशीने. गिटारीवर त्याचा जीव आहे. उस्ताद घासतात, तो मापतो आणि वहीत लिहितो. फ्रेटची उंची, तारांचं अंतर, कोणत्या महिन्यात पेच किती फिरवला, सगळं. मध्येच उस्ताद वही हातात घेतात आणि एखादा आकडा खोडून दुरुस्त करतात.

गिटारीतून काढलेले सगळे मूळ भाग मी एका बिस्किटाच्या डब्यात चिठ्ठ्या लावून ठेवले आहेत. नियम एकच : जो बदल उलटा फिरवता येणार नाही, तो करायचा नाही. हौस माझी, पण नमुना पुढच्याचाही आहे.

आपल्यापैकी जे निवृत्त आहेत त्यांना एक विनंती. तुमच्या हातांना जे ठाऊक आहे, मग ते पॅक केलेलं पॅराशूट असो, जुनी जोंगा असो की बँडमधला ढोल, ते कुणाकडून तरी लिहून घ्या. नाहीतर उद्या आपलीच ड्रिल आपल्याला दुसऱ्याच्या दुकानातून विकत आणावी लागेल.