बांबूच्या पोटातला खडा

खोकला झाला की आजी मधातून सितोपलादि चूर्ण चाटवीत असे, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. त्यातले वंशलोचन म्हणजे बांबूच्या पेरात रस साचून, वाळून झालेला पांढुरका खडा. पण हा खडा आहे तरी कशाचा?

पॅट्रिक रसेल यांनी हिंदुस्थानात जमवलेले वंशलोचनाचे नमुने १७९० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ठेवले. पुढच्याच वर्षी जेम्स मेसी या तरुण रसायनशास्त्रज्ञाने ते तपासले. आम्लात खडा विरघळेना. दाहक अल्कलीत मात्र विरघळला. अल्कलीबरोबर भट्टीत वितळवल्यावर त्याची काच झाली. म्हणजे हा वाळूतलाच पदार्थ, सिलिका! लंडनजवळ इस्लिंग्टनच्या उष्णगृहात वाढलेला एक हिरवा बांबू हलवल्यावर खुळखुळला. तो चिरला, तर आत काचेवर ओरखडा काढणारा खडा निघाला. मुळांनी मातीतून शोषलेली सिलिका पेरात साठते, हे आज आपण जाणतो.

हेच मेसी पुढे जेम्स स्मिथसन झाले. त्यांच्या मृत्युपत्रातल्या देणगीतून १८४६ मध्ये अमेरिकेत स्मिथसोनियन संस्था स्थापन झाली.

वैद्यांना खडा ठाऊक होता. मेसींनी त्यातले द्रव्य ओळखले. त्याने खोकला बरा होतो का, हे मात्र त्या परीक्षेने ठरले नाही. द्रव्य ओळखणे आणि गुण सिद्ध करणे, ही दोन निराळी कामे आहेत.