माहेरी, भाड्याने

मंडळी, दिवाळीनंतर चार दिवस आंजर्ल्याला जाऊन आले. कुठे उतरलात, असे सगळे विचारतात. सांगायला विचित्र वाटते, पण मी माझ्या माहेरच्या घरातच उतरले आणि निघताना भाडे देऊन आले!

झाले असे, की माझ्या भाच्याने ते जुने घर पर्यटकांना द्यायला सुरुवात केली आहे. नातीने मोबाईलवर जाहिरात दाखवली. समुद्राकाठचे कौलारू घर, जुन्या काळाचा अनुभव वगैरे. फोटोत आमची ओटी आणि आजोबांचा झोपाळा!

घर आहेच देखणे. जांभ्याचे चिरे, पडवी, ओटी, माजघर, मागे माड-पोफळीची वाडी. वर मंगलोरी कौले. ही कौले बासेल मिशनने 1865 साली मंगलोरला कारखाना काढल्यावर किनाऱ्याकिनाऱ्याने कोकणात पसरली. त्याआधी नळीची कौले नाहीतर पेंढा. माझ्या लहानपणी आम्हीसुद्धा समुद्रानेच यायचो. भाऊच्या धक्क्यावरून आगबोट, हर्णैला होडीत उतरायचे, मग खाडी तरीतून ओलांडायची. आता पुलावरून गाडी थेट जाते.

पण हे घर उभे राहिले कशावर? आजोबा खोत होते. कुळे राबायची, भात आमच्या कोठीत यायचे. 1949 च्या कायद्याने खोती गेली, पुढे कुळकायद्याने 1 एप्रिल 1957 पासून कसणारा जमिनीचा मालक झाला. घरात तेव्हा सुतकी शांतता होती म्हणे. मला मात्र शाळेत इतिहास शिकवताना वाटायचे, झाले ते न्यायाचेच झाले. नंतर पुरुषमंडळी मुंबई-पुण्याला नोकरीला गेली आणि घर गणपतीत आणि मे महिन्यातच उघडायचे.

माजघराच्या मागे एक अंधारी खोली आहे. जाहिरातीत तिचे नाव 'हेरिटेज रूम'. आता तिथे एसी आहे, मंद दिवे आहेत. मला तीच खोली मिळाली. रात्री झोप कुठली येणार? ती आत्याआजीची खोली. वडिलांची आत्या लहान वयात विधवा होऊन परत आली ती जन्मभर तिथेच राहिली. लाल आलवण, बोडके डोके, एक वेळचे जेवण. घरातली सगळी बाळंतपणे तिने काढली, पापड-कुरडया तिच्याच हातच्या. विधवाविवाहाचा कायदा 1856 सालीच झाला होता. जवळच्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे यांनी 1893 साली विधवेशी लग्न केले, तेव्हा मुरुडकरांनी त्यांना वाळीत टाकले. कायदा झाला, तरी तो आमच्या माजघरापर्यंत यायला फार वर्षे लागली.

दुसऱ्याला कशाला हसू? 1956 च्या वारसा कायद्याने वडिलांच्या हिश्शात मुलीलाही वाटा दिला. वडील गेल्यावर दादाने कागद पुढे केला आणि मी हक्कसोडपत्रावर सही केली. वर्गात मुलींना हक्क शिकवणारी मी, वाचूनही पाहिले नाही. माहेर तुटू नये, एवढेच मनात होते. दादाशी भांडण नव्हते आणि आजही राग नाही. पण त्या खोलीत पडल्यापडल्या वाटले, आत्याआजीला हक्क नव्हता म्हणून ती आश्रित होती. मला हक्क होता, तो मी सोडला आणि पाहुणी झाले.

भाच्याचाही दोष नाही. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात निम्मी कौले उडाली, वाडी आडवी झाली. पोफळ लावली की उत्पन्नाला सहा-सात वर्षे जातात. तोवर छप्पर कशावर टिकवायचे? भाडे येते म्हणून घर उभे आहे, नाहीतर आळीतल्या तीन घरांसारखे तेही पडले असते.

निघताना तो म्हणाला, "आत्या, तुझ्याकडून काय पैसे घ्यायचे?" मी म्हटले, "घे. फक्त त्या खोलीत कोण राहायचे, ते येणाऱ्यांना सांगत जा."

"लोक सुट्टीला येतात गं," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने त्याने विचारले, "तिचे नाव काय होते?"

आणि मंडळी, मला ते आठवेना. आम्ही सगळे तिला आत्याआजीच म्हणायचो. नातेवाइकांपैकी कोणाला माहीत असेल, तर मला जरूर कळवा.