एकोणिसावा धांवपटू

इ. स. १९२० च्या ऑगस्ट महिन्यांत बेल्जममधील अँटवर्प शहरीं ऑलिंपिक सामन्यांत जी मॅरेथॉन शर्यत झाली, तींत फिनलंडचा हान्नेस कोलेहमायनेन २ तास ३२ मिनिटांत पहिला आला, ही गोष्ट क्रीडेच्या कोणत्याही इतिहासांत सांपडते. त्याच शर्यतींत बेळगांवचे फडेप्पा चौगुले २ तास ५० मिनिटांत एकोणिसावे आले, हें मात्र आमच्याकडील सुशिक्षितांनाही सांगावें लागतें. त्यांचे सोबती सदाशिव दातार यांना शर्यत पुरी करतां आली नाहीं.

ह्या प्रकरणाचा उगम पुण्यास आहे. डेक्कन जिमखान्याच्या सामन्यांत खेड्यापाड्यांतील शेतकरी तरुण लांब पल्ल्याच्या शर्यतींत अनवाणी धांवत. त्यांना पाहून सर दोराबजी टाटांच्या मनानें घेतलें, कीं हे लोक ऑलिंपिकास गेले पाहिजेत. आणि त्यांच्याच खटपटीनें १९२० चें पथक गेलें.

एकोणिसावा म्हणजे मंद, असें कोणी म्हणेल तर त्यानें थोडें गणित करावें. १८९६ सालीं अथेन्स येथें पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन झाली, तिचें अंतर सुमारें ४० किलोमीटर. विजयी स्पिरिडॉन लुईस याला २ तास ५८ मिनिटें लागलीं. अँटवर्पचें अंतर ४२.७५ किलोमीटर, आणि तरीही चौगुल्यांना आठ मिनिटें कमी लागलीं! रस्ते व हवा निराळीं, तेव्हां तुलना काटेकोर नव्हे, हें आम्हांस मान्य आहे.

खऱ्या मंदगति माणसाला ह्या प्रांतांत जागा मिळाली ती पुढें चाळीस वर्षांनीं, आणि तीही दूर न्यूझीलंडांत. ऑकलंडचा आर्थर लिडियार्ड हा जोड्यांच्या कारखान्यांत काम केलेला गृहस्थ. १९६० च्या रोम ऑलिंपिकांत त्याचे शिष्य स्नेल व हॅल्बर्ग यांनीं सुवर्णपदकें मिळविलीं. शिष्यांना तो आठवड्यास शंभर मैल धांववी; आधीं दम वाढवावा, वेग मागाहून पहावा, हा त्याचा नियम. तोच नियम त्यानें प्रौढ व हृदयविकारी मंडळींना लावला, हें त्याचें काम आम्हांला पदकांहून मोठें वाटतें. धांवतां धांवतां बोलतां यावें, इतकीच गति! १९६२ च्या अखेरीस अमेरिकेचे नामांकित शिक्षक बिल बॉवरमन तेथें गेले, तेव्हां सत्तरी उलटलेल्या एका गृहस्थानें त्यांना मागें टाकलें. बॉवरमन पन्नाशींत होते. परत जाऊन त्यांनीं ओरेगॉनांत हाच प्रकार सुरू केला.

शहापुरास नागपूर-भंडारा रस्त्याच्या कडेनें आम्हीं पन्नाशीनंतर हा नियम चालविला आहे. किलोमीटरास आठ मिनिटें, म्हणजे चौगुल्यांच्या दुप्पट वेळ. पोलिसभरतीची तयारी करणारीं मुलें 'नमस्कार सर' म्हणून पुढें निघून जातात. त्यांची परीक्षा १६०० मीटरांची. त्यांना घाई असणें रास्तच. परंतु भरती हुकली, कीं बहुतेक जण धांवणें कायमचें सोडतात, ह्याचें आम्हांस वाईट वाटतें. एकानें मात्र सोडलेलें नाहीं. वयाची मर्यादा उलटल्यावरही तो पहाटे येतोच. रविवारीं आम्ही दोघे सोळा किलोमीटर जातों. तो पुढें जाऊन वळणावर उभा राहतो, आणि आम्ही पोहोंचलों कीं पुनः निघतो.